मिनिएचर पडू नये म्हणून बेसला वजन: एम-१० चा साधा वॉशर, आणि तो कुठे पुरत नाही

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. २५ एमएमच्या गोल बेसवरची प्लॅस्टिकची किंवा रेझिनची मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळातली छोटी बाहुली, जरा हात लागला की आडवी होत असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून एम-१० चा (१० एमएमच्या बोल्टचा) साधा लोखंडी वॉशर आणायचा आणि बेसच्या खालच्या पोकळीत, अगदी तळाशी लेव्हल येईल असा, एपॉक्सीने बसवायचा. याच्यापेक्षा स्वस्त आणि याच्यापेक्षा चांगलं मला तरी अजून काही मिळालेलं नाही, आणि यातलं बरंच काही मी वापरून बघितलंय. पण मिनिएचर मेटलची असेल तर हाच वॉशर फारसं काही करत नाही. ते का, हे खाली लिहिलंय आणि खरं तर हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठीच, कारण "वजन टाक, पडणार नाही" एवढंच सगळे सांगतात आणि ते अर्धंच आहे.

आमचा ग्रुप पुण्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) खेळतो, अधूनमधून वॉरहॅमर पण, दोन्ही टेबलावर मिनिएचर मांडून खेळायचे खेळ. दोन्हीकडे माणसं साधारण २८ एमएमची, म्हणजे जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी, आणि ती उभी असतात एका नाण्याएवढ्या बेसवर. डी अँड डी मध्ये तर नकाशावरचा एक चौकोन एक इंचाचा, तो खेळातला पाच फुटांचा धरायचा, आणि साधा माणूस एका चौकोनात मावला पाहिजे म्हणून बेस पण इंचभराच्या पुढे नेता येत नाही. आता त्याच्या हातात भाला, डोक्यावर शिंगं, पाठीवर पंख, एक पाय हवेत... डिझाईन करणारे हात आखडता घेत नाहीत, आणि बेस आतून पोकळ पॉलिस्टायरीनचा, फुंकर मारली तर सरकेल असा. मग कोणीतरी फासे टाकताना मनगट लागतं आणि आठवडाभर बसून रंगवलेला पॅलाडिन (खेळातला योद्धा) तोंडावर पडतो, भाल्याच्या टोकाचा रंग उडतो, कधी भालाच तुटतो. रंगवणाऱ्यालाच माहिती त्यावेळी जीव कसा वर-खाली होतो ते. शिवाय वॉरहॅमर मध्ये अंतर बेसपासून इंचात मोजतात, त्यामुळे माणूस पडला की तो नेमका कुठे उभा होता यावरून वाद सुरू होतात आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जातात.

आता यामागचं गणित, फार नाही, थोडंसंच. वस्तू किती कलली की पडते हे दोनच गोष्टींवर ठरतं, बेसची अर्धी रुंदी आणि गुरुत्वमध्य किती उंचावर आहे ते. २५ च्या बेसवर अर्धी रुंदी साडेबारा एमएम. प्लॅस्टिकची मिनिएचर बेससकट ३ ग्रॅमची धरा आणि तिचा गुरुत्वमध्य १८ एमएमवर धरा, तर ती साधारण ३५ अंशापर्यंत कलली की गेली. एम-१० चा वॉशर बाहेरून २० एमएम, भोक साडेदहा, जाडी २ एमएम, वजन होतं साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मिनिएचरपेक्षाही थोडं जास्त. तो तळाला बसवला की सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य १८ वरून एकदम पावणेनऊ एमएमवर येतो आणि पडायचा कोन जातो ५५ अंशावर. बोटाने ढकलून पाडायचं तर दुपटीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. रिकामी प्लॅस्टिकची बाटली पंख्याच्या वाऱ्याने पण पडते आणि तळाला चार बोटं पाणी असलं की नाही पडत, तसंच. एका वॉशरमध्ये एवढा फरक पडतो हे मी आकडे मांडून बघितल्यावर मला फार आवडलं, कारण टेबलावर पण अगदी तसंच जाणवतं, बोट लागलं की मिनिएचर डुलते आणि परत सरळ होते.

वॉशर मी घेते पुण्याच्या बोहरी आळीतून. तिथे जाताना सोबत एक रिकामा बेस नक्की न्या आणि जमलं तर प्लॅस्टिकचा स्वस्तातला व्हर्नियर (व्यास-जाडी मोजायचं साधन) पण. दुकानात अजून बरेच जण सुतात बोलतात. मी एम-१० मागितला की काका विचारतात, "म्हणजे तीन सुतीच ना ताई?" तीन सूत म्हणजे ३/८ इंच, साडेनऊ एमएम, जवळजवळ तेच पण अगदी तेच नाही, आणि इंची वॉशरचा बाहेरचा व्यास कधी कधी मोठा निघतो आणि मग तो बेसमध्ये शिरतच नाही. म्हणून बेस काउंटरवर उलटा ठेवायचा आणि वॉशर तिथेच टाकून बघायचा. आमच्या काकांना सुरुवातीला कळेना की एवढ्याशा चकतीत मी काय बघतीये, आता ते स्वतःच जाड-पातळ वेगळे काढून देतात. दोन-चार सुटे मागू नका, ते वजनावर विकतात, पाव किलो घ्या. पाव किलोत सत्तरच्या आसपास येतात आणि त्यात अख्खं सैन्य उभं राहतं.

घेताना अजून एक बघायचं. वॉशर पत्र्यातून ठोकून काढलेला असतो, त्यामुळे त्याची एक बाजू कडेला किंचित गोलसर आणि गुळगुळीत असते आणि दुसऱ्या बाजूला बारीक धार राहते, नखाला लगेच लागते. धारेची बाजू वर, म्हणजे बेसच्या आत ठेवायची, तिथे एपॉक्सी तिला छान धरतं. गोल बाजू खाली ठेवली की टेबल किंवा नकाशा खरवडत नाही. आमच्या एका मित्राने छापून आणलेला मस्त चकचकीत बॅटलमॅट (खेळाचा नकाशा) असल्या धारेने खरचटलाय, त्यामुळे हे मनावर घ्या.

मुलामा दिलेलाच घ्या. काळा बिनमुलाम्याचा वॉशर पुण्यात ठीक आहे पण मुंबईत किंवा कोकणात एका पावसाळ्यात गंजतो आणि बेसच्या कडेने तपकिरी ओघळ दिसायला लागतात. मग स्टेनलेसचाच घ्यावा असं वाटेल, पण तो सहसा ३०४ ग्रेडचा असतो आणि चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाही, आणि चुंबकाला चिकटणं हा या वॉशरचा निम्मा फायदा आहे (मिनिएचर डब्यात उभ्या नेता येतात, ते शेवटी लिहिलंय), तो घालवू नका. जस्ताच्या मुलाम्याचा साधा लोखंडी, बस.

आता बसवायचं कसं, कारण खरी मेख इथेच आहे. बरेच जण बेस उलटा धरतात, पोकळीत फेविक्विकचे दोन थेंब टाकतात आणि वॉशर आत ढकलतात. तो जाऊन चिकटतो बेसच्या छताला, म्हणजे वर, आणि खाली दीड-एक एमएम मोकळं राहतं. वजन वाढलं हे खरं पण ते जिथे असायला पाहिजे तिथे नाही, आणि चुंबकाचा तर पूर्ण विचका, कारण लोखंड आणि चुंबक यांच्यात अर्ध्या एमएमची फट पडली तरी रबरी चुंबकाची पकड ढिली होते. म्हणून मी उलटं करते. एक सपाट टाईल घ्यायची, उरलेली फरशी पण चालते, तिच्यावर चिकटपट्टी ताणून लावायची, वॉशर साबणाच्या पाण्याने धुवून आणि वर थिनरचा बोळा फिरवून (त्याच्यावर मशीनचं तेल असतंच, दिसत नसलं तरी) पट्टीवर ठेवायचा. मग बेसच्या पोकळीत एम-सीलचा हरभऱ्याएवढा गोळा मळून दाबायचा आणि बेस सरळ वॉशरवर ठेवून टाईलला टेकेपर्यंत हळूच दाबायचा. मधल्या भोकात एम-सील शिरतं आणि तिथेच घट्ट होतं, ते एका परीने रिव्हेटचंच काम करतं. रात्रभर राहू द्या. सकाळी पट्टीवरून उचललं की वॉशर आणि बेसची कड एका पातळीत, बोट फिरवलं तर जोड लागत नाही. कडेने थोडं एम-सील बाहेर आलं तर ते पूर्ण वाळायच्या आधी ओल्या बोटाने पुसा, नंतर कानस घ्यावी लागते.

फेविक्विकने भागत नाही का? भागतं, घाईत असाल तर. पण सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, ठिसूळ असतं, दाब सहन करतं आणि झटका सहन करत नाही, त्यामुळे मिनिएचर फरशीवर पडली की वॉशर टणकन सुटून कपाटाखाली जातो. दुसरं म्हणजे बंद पोकळीत ते वाळताना त्याची वाफ आसपास पांढरी बुरशीसारखी बसते, रंगवलेल्या मिनिएचरवर ते फार वाईट दिसतं. प्लॅस्टिक सिमेंट तर इथे उपयोगाचंच नाही, ते पॉलिस्टायरीनला विरघळवून जोडतं, लोखंडाला काय विरघळवणार. अरालडाईट छान, एम-सीलपेक्षाही पक्कं, फक्त पातळ असल्यामुळे ओघळतं आणि टाईलवर पसरतं, म्हणून माझं मत एम-सीलला.

जुन्या पद्धतीच्या बेसला मधोमध खाच असते आणि मिनिएचरच्या पायाखालची पट्टी त्या खाचेतून खाली उतरते. तिथे २० चा वॉशर बसतच नाही, ती पट्टी आडवी येते. अशा वेळी एम-५ चे छोटे, बाहेरून १० एमएमवाले, पट्टीच्या दोन्ही बाजूंना एक-एक आणि उंचीत जागा असेल तर एकावर एक दोन. ते एक एमएम जाडीचेच असतात. वजन कमी भरतं पण बूड जड झाल्याचं हाताला कळतं.

आता मेटलचं. हे नीट वाचा. जुनी व्हाईट मेटलची मिनिएचर २० ग्रॅमची असते, कधी जास्त पण, आणि ते सगळं वजन बेसच्या वर. तिला बोट लागून ती सहसा पडत नाही, जडच असते, पण टेबलच हललं किंवा ती उतारावर ठेवली की तिचं वजन तिच्या कामाचं नाही, तिथे फक्त कोन मोजला जातो, आणि तो तोच ३५ अंश. त्यात साडेतीन ग्रॅमचा वॉशर लावला तर कोन होतो ३९. चार अंश, एवढंच. वीस ग्रॅमसमोर साडेतीन ग्रॅम काय करणार. उलट तीच मिनिएचर वॉशर न लावता ३२ एमएमच्या बेसवर चढवली तर कोन जातो ४२ अंशाच्या जवळ, आणि दोन्ही केलं तर ४६. म्हणजे प्लॅस्टिकला वजन लागतं आणि मेटलला रुंदी लागते. हे कोणी सुटसुटीत सांगत नाही आणि लोक मेटलच्या मिनिएचरखाली वॉशरवर वॉशर चिकटवत बसतात. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपने स्पेस मरीन (त्यातले सैनिक) २५ वरून ३२ वर नेले तेव्हा जुन्या खेळाडूंची बरीच कुरकूर झाली होती, पण ज्यांच्याकडे जुने मेटलचे आहेत त्यांनी तरी ते बेस बदलून बघावेत. खेळाच्या नियमात बेसचा आकार ठरवून दिलेला असेल तर मात्र आधी समोरच्याला विचारून घ्या, स्पर्धेत तर नक्कीच.

वॉशरऐवजी नाणं लावलं तर, असं लोक हमखास विचारतात. ही युक्ती ब्रिटनमध्ये अगदी चपखल बसते, कारण त्यांचा एक पेनी २०.३ एमएमचा आणि साडेतीन ग्रॅमहून किंचित जास्त, म्हणजे आकारमानाने आपला एम-१० चा वॉशरच समजा, आणि १९९२ पासून तो तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा आहे म्हणून चुंबकाला पण चिकटतो. दोन पेनीचं नाणं २५.९ एमएम आणि ७.१२ ग्रॅम, ते ३२ च्या बेसला. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हार्डवेअरचं दुकान शोधत बसू नये, पेनीचं तिकडे तसंही कोणी काही घेत नाही. आपल्याकडे २०१९ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं बरोबर २० एमएमचं आणि ३.०९ ग्रॅमचं आहे, स्टेनलेसचंच पण चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं, दोन रुपयाचं २३ एमएम आणि ४.०७ ग्रॅम. बसतं छान. तरीपण मी वापरत नाही. एक तर नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला २०११ च्या नाण्यांच्या कायद्याने मनाई आहे, आणि चिकटवणं म्हणजे नष्ट करणं नव्हे हे मान्य केलं तरी एपॉक्सीत पुरलेलं नाणं परत चलनात यायचं नाही. दुसरं म्हणजे नाण्याला भोक नाही, त्यामुळे एम-सील आरपार जाऊन धरत नाही, नुसतं पृष्ठभागावर चिकटतं. आणि तिसरं, वॉशर नाण्यापेक्षा स्वस्त पडतो. मग कशाला.

शिसं मात्र अजिबात नको. मला माहितीये की शिसं लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट जड, कापायला मऊ, मासेमारीच्या सामानात सहज मिळतं आणि जुने लोक वर्षानुवर्षं वापरत आलेत. पण ते विषारी आहे, हाताळल्यावर हाताला लागतं, कापताना त्याची भुकटी उडते, घरात लहान मूल असेल तर विचार पण करू नये. शिवाय एक गोष्ट आपल्या हॉबीवाल्यांपेक्षा रेल्वे मॉडेलवाल्यांना जास्त चांगली माहिती आहे. शिशाचे छर्रे पांढऱ्या पीव्हीए गोंदात, म्हणजे आपण सुतारकामाला वापरतो त्या जातीच्या गोंदात, बंद जागेत घातले की काही वर्षांनी शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि आतून मॉडेल फोडते. इंजिनांचे बॉयलर असे उकललेत लोकांचे. चार पैसे आणि दोन एमएम वाचवायला एवढी जोखीम कशाला घ्यायची.

चाकाच्या बॅलन्सिंगची चिकट वजनं पण बघितली, टायरवाल्याकडे पट्टीत मिळतात, पाच आणि दहा ग्रॅमचे तुकडे पाडता येतात. मोठ्या बेसला, म्हणजे ५० आणि ६० एमएमच्या राक्षसांना आणि ड्रॅगनला, एक नंबर. मागे चिकटपट्टी तयारच असते, सोलून लावायचं. लहान बेसला जाड पडतात. फक्त घेताना लोखंडाची मागा, चुंबक नेऊन तपासा. युरोपात शिशाची वजनं नव्या गाड्यांना २००५ पासून बंद झाली, आपल्याकडे अजून कुठे कुठे दिसतात. टंगस्टनची पुट्टी ऑनलाईन मिळते, मी एका विक्रेत्याकडून मागवली होती. टंगस्टन धातू लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट जड असतो खरा, पण पुट्टीत तो मेणासारख्या चिकट पदार्थात कालवलेला असतो, त्यामुळे तेवढी जड ती भरत नाही, घट्ट होत नाही, उन्हाळ्यात मऊ पडते, आणि किंमत बघितली तर त्या डबीच्या पैशांत दोन-तीन किलो वॉशर आले असते. एकाच ठिकाणी ती पटली, बारीक पायाच्या आसपास वेडीवाकडी पोकळी असते तिथे, बाकी पैसे वाया. ओव्हल बेस, ७५ बाय ४२ वाले मोटरसायकलचे, त्यांच्यासाठी सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे घ्या, १/८ इंचवाले, आणि ते एपॉक्सीत कालवून ओता. लोखंडी आहेत म्हणजे चुंबकाला पण चालतात. ड्रॅगनच्या पोकळ पोटात मात्र छर्रे भरू नका, वजन वर गेलं की आगीतून फुफाट्यात.

ज्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे त्यांचं काम सोपं आहे, बेसच्या फाईलमध्ये खालून २०.४ एमएमचा गोल खड्डा काढून ठेवायचा, वॉशर चपखल बसतो. फिलामेंटचा प्रिंटर असेल तर मधल्या थराला प्रिंट थांबवून वॉशर आत ठेवायचा आणि पुढे चालू करायचं, तो कायमचा आत गाडला जातो, गोंदाची गरजच नाही. पण मग चुंबकाचं वर लिहिलंय ते लक्षात ठेवा, त्याच्या खाली एकच पातळ थर सोडा. एका छापून देणाऱ्याकडून मी रेझिनचे बेस घेतले होते, ते खालून पूर्ण भरीव निघाले, "जड आहेत मॅडम, वेगळं वजन नको" असं सांगितलं. रेझिन पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं, त्याला जड म्हणत नाहीत. भरीव बेस ऑर्डर करू नका, खड्डेवालेच मागा.

उडणाऱ्या मॉडेलचा प्रश्न सगळ्यात अवघड. पारदर्शक काडीवर ८ ग्रॅमचं काहीतरी, गुरुत्वमध्य ६० एमएमवर, बेस ३२ चा. पंधरा अंशात आडवं होतं ते, आणि काडी मुळाशी तुटते. इथे एम-१२ वापरायचा मोह होतो पण तो अडीच एमएम जाड, काही बेसमधून खाली डोकावतो आणि मग मिनिएचर डुगडुगते. एम-८ चा मोठ्या घेराचा वॉशर मागा, बाहेरून २४ एमएम, जाडी २, भोक लहान असल्यामुळे वजन एम-१२ एवढंच, सहा ग्रॅमच्या वर. त्याने कोन २५ अंशापर्यंत येतो. त्याच्यापुढे जायचं तर बेस ४० चा करा, ३० पर्यंत जाईल. याच्यावर समाधान मानायचं, किंवा काडी छोटी करायची.

खोक्याचं राहिलं. चपट्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला रबरी चुंबकाची शीट चिकटवा (जाहिरातीचे फ्रिज मॅग्नेट बनवणारे विकतात ती, पण जाड घ्या, एक एमएमच्या वरची), की वॉशरवाल्या मिनिएचर नुसत्या ठेवल्या तरी उभ्या राहतात आणि डबा स्कूटरवर पायाशी ठेवून नेला तरी हलत नाहीत. उलटं पण करता येतं, बेसला चुंबक आणि डब्यात पत्रा. फक्त घरातला स्टीलचा डबा घ्यायला जाल तर आधी फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा, स्वयंपाकघरातलं बरंचसं स्टील चुंबकाला दाद देत नाही, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा देतो. आणि ते छोटे निओडिमियमचे चुंबक वापरणार असाल तर मुलांपासून अक्षरशः कुलपात ठेवा, दोन गिळले गेले तर ते पोटात आतड्यांच्या भिंतीमधून एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येते. मी म्हणूनच वॉशर बेसला आणि चुंबकाची शीट डब्याला, असंच ठेवते.

एक असंबद्ध वाटेल पण सांगते. उरलेले वॉशर मी दिवाळीत भाच्याच्या किल्ल्यावरच्या प्लॅस्टिकच्या मावळ्यांना लावले. ते मावळे बुरुजावर आणि पायऱ्यांवर कधी उभे राहत नाहीत, पाणी मारलं की मातीबरोबर वाहून खाली येतात. पायाखालच्या चपट्या प्लॅस्टिकला खालून एम-१० चिकटवला, मावळा एक ग्रॅमचा आणि वॉशर साडेतीनचा, त्यामुळे बुरुजावरून काही हलला नाही. तिथे एम-सील नका वापरू, दरवर्षी काढायचा असतो, डबल टेप पुरते.

मऊ पीव्हीसीच्या, घोटे वाकलेल्या मिनिएचरला वजन लावायच्या आधी ती गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. कललेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बेसच्या कडेला गेलेला असतो आणि तो वॉशरने पूर्ण परत येत नाही. झेप घेणारी वगैरे पोझ असेल तर चिकटवतानाच पाय बेसच्या मागच्या अर्ध्या भागात घ्या.

माझ्याकडून एम-१० ला पाचपैकी पाच, २५ च्या बेसवरच्या प्लॅस्टिक आणि रेझिनसाठी. ३२ च्या बेसला एम-८ मोठ्या घेराचा, त्याला साडेचार, कारण तो सगळ्या दुकानांत नसतो, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं. मेटलसाठी वॉशरला दोन, तिथे ३२ चे रिकामे बेस मागवा. बोहरी आळीत रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात, आणि जाल तेव्हा बेस खिशात ठेवायला विसरू नका.